स्यूअर्डच्या धक्क्यावरचा कोळसा

अलास्का हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील प्रदेश. रशियाच्या झारनें तो १८६७ सालीं ७२ लक्ष डॉलरांस अमेरिकन संयुक्त संस्थानांना विकला, आणि हा सौदा ज्यानें जमविला त्या विल्यम स्यूअर्ड नांवाच्या परराष्ट्रमंत्र्याची त्याच्याच देशबांधवांनीं यथेच्छ टवाळी केली. सरकारी पैशानें बर्फ विकत घेणारा मंत्री अशी त्याची ख्याति झाली. पुढें त्या बर्फाखालीं सोनें निघालें, दगडी कोळसा निघाला, तेल निघालें, आणि टवाळी आपोआप थांबली. १९०३ सालीं रिझरेक्शन उपसागराच्या माथ्याशीं एक नवें गांव वसलें, तेव्हां त्यास त्याच मंत्र्याचें नांव देण्यांत आलें. त्या गांवांतील एका धक्क्याची ही हकीकत आहे. गांव लहान, तीन हजारांच्या आंतील वस्तीचें. म्हणून हकीकतहि लहानच आहे. परंतु धूळ कोणाची, ती पाहावयाची कोणीं, आणि पाहिल्यावर करावयाचें काय, हे प्रश्न तेथें जितके उघडे पडले तितके मोठमोठ्या बंदरांतहि क्वचितच पडले असतील.

उपसागराच्या नांवामागें एक जुनी गोष्ट सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बारानोव्ह नांवाचा रशियन व्यापारी कातड्यांच्या व्यापारासाठीं या किनाऱ्यानें जात असतां वादळांत सांपडला, आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं त्यास या ठिकाणीं आसरा मिळाला. म्हणून हा पुनरुत्थानाचा उपसागर. दोहों बाजूंस उभे डोंगर, त्यांच्या माथ्यावर हिमनद्या, आणि मध्यें अतिशय खोल, हिवाळ्यांतहि न गोठणारें पाणी. न गोठणारें बंदर म्हणजे उत्तरेकडील देशांत सोन्याची खाणच. म्हणूनच अलास्काच्या अंतर्भागाकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा आरंभ येथून झाला. खासगी कंपन्यांनीं तो थोडथोडा बांधला आणि दिवाळें काढलें. १९१५ सालीं मध्यवर्ती सरकारनें तें काम हातीं घेतलें, आणि १९२३ च्या जुलै महिन्यांत राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनीं नेनाना येथें सोन्याचा खिळा ठोकून मार्ग पुरा झाल्याचें जाहीर केलें. स्यूअर्डपासून फेअरबँक्सपर्यंत हा मार्ग सुमारें ४७० मैल आहे.

या गांवानें समुद्राचा कोप पाहिलेला आहे. २७ मार्च १९६४ रोजीं, गुड फ्रायडेच्या संध्याकाळीं, अलास्कांत ९·२ प्रमाणाचा भूकंप झाला आणि चार-साडेचार मिनिटें जमीन हालत राहिली. स्यूअर्ड येथील सुमारें पाऊण मैल लांबीचा किनारा, त्यावरील धक्के, गोद्या व तेलाच्या टाक्यांसह, उपसागरांत घसरून गेला. टाक्या पेटल्या, पेटतें तेल पाण्यावर पसरलें, आणि त्यामागून समुद्राच्या लाटा तें जळतें तेल घेऊन गांवांत शिरल्या. रेल्वेचे डबे खेळण्यांसारखे भिरकावले गेले. ज्या गांवाचें पोट बंदरावर, त्याचें बंदरच एका संध्याकाळीं नाहींसें झालें. रेल्वेचा धक्का पुन्हां बांधला गेला; परंतु माल उतरविण्याचा पुष्कळसा व्यापार तोंवर अँकरेज शहराकडे वळला, आणि स्यूअर्डला कित्येक वर्षें नोकरीधंद्याची ददात पडली. ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना विसरूं नये. कोळसा या गांवीं आला तेव्हां त्यास कोणीं शत्रु मानलें नव्हतें.

कोळसा येतो तो हीली या गांवाहून. स्यूअर्डपासून लोहमार्गानें साडेतीनशे मैलांहून अधिक उत्तरेस हें ठिकाण आहे. तेथील खाण १९४३ सालीं, महायुद्ध चालूं असतां, एमिल उसीबेल्ली नांवाच्या इटलींत जन्मलेल्या गृहस्थानें सुरू केली आणि पहिला कोळसा लष्करी विमानतळास पुरविला. हा कोळसा हलक्या प्रतीचा असतो. त्यांत पाण्याचा अंश जास्त आणि उष्णता कमी. परंतु गंधक फारच थोडें, व या एका गुणामुळें त्यास परदेशांत मागणी आली. गंधकाचा धूर नको असलेल्या वीजगृहांना आपल्या जड कोळशांत मिसळावयास असा कोळसा सोईचा पडतो. खाणीच्या मालकांची आणखी एक गोष्ट नमूद करणें न्यायाचें आहे. खणलेली जमीन पुन्हां सारखी करून तिच्यावर गवत लावण्याचें काम त्यांनीं १९७० नंतर लवकरच, म्हणजे १९७७ सालच्या कायद्यानें तशी सक्ति होण्यापूर्वींच, आरंभिलें होतें. या हकीकतींत कोणीहि राक्षस नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

१९८४ सालीं दक्षिण कोरियाशीं व्यापार जमला आणि स्यूअर्ड येथें कोळसा चढविण्याचा धक्का तयार झाला. त्याची रचना समजावयास सोपी आहे. आगगाडी डबे घेऊन येते. डब्यांतील कोळसा खालीं ओतला जातो. तो उघड्यावर डोंगरासारखा रचून ठेवतात. आणि जहाज आलें म्हणजे तो एका सरकत्या पट्ट्यावर चढवून, समुद्रावर दूरवर गेलेल्या सांगाड्यावरून, जहाजाच्या पोटांत सोडतात. पीठगिरणींत ज्यानें धान्याचा पट्टा पाहिला असेल त्याला कल्पना येईल. फरक इतकाच कीं गिरणींतील पट्ट्याखालीं जमीन असते आणि येथें उपसागराचें पाणी आहे.

पट्टा वरच्या बाजूनें भरून जातो आणि खालच्या बाजूनें रिकामा परत येतो, असें कागदावर दिसतें. प्रत्यक्षांत तो कधींच पुरता रिकामा होत नाहीं. ओला कोळसा पट्ट्यास चिकटतो, आणि परतीच्या वाटेवर, रुळांवर आपटून, थोडाथोडा गळत राहतो. म्हणून अशा पट्ट्यांना खरवडणारीं पातीं बसवितात, बाजूंना आडोसा लावतात, खालीं परळ बांधतात. आणि तरीहि चिमूटभर राहतोच. एका फेरीस चिमूटभर, पण फेऱ्या दिवसभर आणि वर्षें पंचवीस! तळाशीं काय सांचत असेल याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. त्या पाण्यांत सामन मासा आहे, हॅलिबट आहे, पाणमांजरें आहेत. आणि त्या माशांवर व ते पाहावयास येणाऱ्या प्रवाशांवर गांवांतील निम्मे संसार चालतात. कोळशानेंहि संसार चालत होते. तंटा येथेंच होता.

दुसरी गोष्ट धुळीची. स्यूअर्डला पाऊस-बर्फ मिळून वर्षाला ७० इंचांच्या आसपास पडतें. अशा ओल्या ठिकाणीं धूळ कसली, असें कोणासहि वाटेल. परंतु हिवाळ्यांत कित्येक दिवस डोंगरांतून उत्तरेचा कोरडा व जोराचा वारा समुद्राकडे सुटतो. हा वारा कोळशाच्या ढिगावरून येतो आणि शेजारींच लहान होड्यांचें बंदर आहे. होडीचा पांढरा रंग, शिडाची दोरी, स्वयंपाकाची खिडकी यांवर काळी भुकटी बसूं लागली. धूळ बसविण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी शिंपडणें. पण कडाक्याच्या थंडींत पाण्याचे नळच गोठतात, आणि वारा तर नेमका थंडींतच सुटतो! निसर्गानें जणूं मुद्दाम योजलेली ही अडचण होती. मुरगांव बंदरांत कोळसा उतरूं लागल्यापासून वास्कोच्या रहिवाशांनीं खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवून जी काजळी दाखविली, तीच ही. हवा तेवढी निराळी.

आतां अशी धूळ मोजावयाची कशी? "फार झाली" एवढें म्हणून कायद्याचें भागत नाहीं. या विषयाचा इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं पॅरिस येथील माक्सिमिलियन रिंगेलमान या प्राध्यापकानें एक अगदीं साधा तक्ता काढला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या; एकींत रेघा बारीक, दुसरींत जाड, तिसरींत आणखी जाड. तक्ता दूर टांगला कीं रेघा डोळ्यांत मिसळून करड्या रंगाच्या पायऱ्या दिसतात. धुराड्याचा धूर कोणत्या पायरीशीं जुळतो तें पाहावयाचें आणि वहींत लिहावयाचें. मुंबई इलाख्यांत गिरण्यांच्या धुराबद्दल १९१२ सालीं कायदा झाला, त्या काळांत धूर-निरीक्षकाच्या विद्येचा पाया हाच होता. अमेरिकेंत पुढें तक्ता मागें पडला आणि माणसाचा डोळाच शिकविण्याची पद्धत निघाली. निरीक्षकानें सूर्याकडे पाठ करून उभें राहावें, धुराकडे टक लावून न पाहतां दर १५ सेकंदांनीं एकदां नजर टाकावी, पलीकडचें कितपत झांकलें गेलें तें शेंकडा किती हें लिहावें, आणि अशीं २४ निरीक्षणें, म्हणजे ६ मिनिटांचीं, घेऊन त्यांची सरासरी काढावी. पुष्कळ ठिकाणीं शेंकडा २० ही मर्यादा धरलेली असते. निरीक्षकाच्या डोळ्याची परीक्षा दर सहा महिन्यांनीं पुन्हां घेतात. ती उतरला नाहीं तर त्याची साक्ष ग्राह्य नाहीं. यंत्रांच्या युगांत माणसाच्या डोळ्यावर असा विश्वास टाकलेला पाहून नवल वाटतें. पण त्या डोळ्याला जी शिस्त लावली आहे ती पाहिली म्हणजे नवल ओसरतें. मात्र ही सर्व विद्या धुराड्यासाठीं आहे. वाऱ्यानें ढिगावरून उठणारी धूळ निरीक्षक मुक्कामीं येईपर्यंत वाट पाहत थांबत नाहीं. तो येतो त्या दिवशीं पाऊस असतो.

पाण्याचा कायदा निराळा. नद्यांत व बंदरांत कचरा टाकूं नये असा कायदा अमेरिकेंत १८९९ पासून होता, परंतु त्याचा रोख मुख्यतः नौकानयनास अडथळा होऊं नये यावर. १९७२ सालीं कांग्रेसनें, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं नामंजूर केलेला कायदा त्यांच्या विरोधास न जुमानतां पुन्हां मंजूर केला, आणि नवें तत्त्व आलें: नळ, चर, पन्हळ अशा कोणत्याहि निश्चित ठिकाणाहून पाण्यांत घाण सोडावयाची असेल तर परवाना पाहिजे, परवाना नसेल तर सोडणें हाच गुन्हा. १९८७ सालीं कारखान्यांच्या आवारांतून वाहून जाणारें पावसाचें पाणीहि या कक्षेंत आणलें गेलें. पण देशांत कारखाने असंख्य. प्रत्येकास स्वतंत्र परवाना लिहीत बसणें अशक्य. तेव्हां सरकारनें एक सर्वसाधारण परवाना छापला. ज्याला तो हवा त्यानें आपलें नांव कळवावें, त्यांतील अटी पाळाव्या, आणि काम चालवावें. स्यूअर्डचा धक्का अशाच परवान्याखालीं चाले. धक्का रेल्वेच्या मालकीचा होता आणि चालविणारी कंपनी अरोरा एनर्जी सर्व्हिसेस ही खाणीच्याच घराण्यांतली.

त्या परवान्यांतील तपासणीचा भाग वाचण्यासारखा आहे. धन्यानें पावसाच्या पाण्याबद्दल एक लेखी योजना करून ठेवावी. दर तीन महिन्यांनीं, पाणी वाहूं लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासांत, स्वच्छ कांचेच्या भांड्यांत नमुना घ्यावा व उजेडाकडे धरून त्याचा रंग, वास, स्वच्छता, तरंगणारे व तळीं बसणारे कण, फेंस आणि तेलाचा तवंग पाहून टांचण ठेवावें. वर्षांतून एकदां सर्व आवाराची कसून तपासणी करावी. हें सारें करावयाचें कोणीं? धन्याच्याच माणसानें. विद्यार्थ्यानें आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी तसला हा प्रकार, असें प्रथमदर्शनीं वाटतें; परंतु सरकारपाशीं इतके परीक्षक नाहींत हीहि वस्तुस्थिति आहे. खोटें टांचण लिहिणें हा गुन्हा आहे आणि टांचण मागणाऱ्यास दाखवावें लागतें, एवढाच त्यावरचा लगाम. सरकारी निरीक्षक मधूनमधून येत. २००८ च्या अखेरीपासून हें काम टप्प्याटप्प्यानें मध्यवर्ती सरकाराकडून अलास्का संस्थानाच्या पर्यावरण खात्याकडे आलें आणि पावसाच्या पाण्याचें प्रकरण २००९ च्या शरदांत त्याच्या हातीं गेलें. पट्ट्यावरून कोळसा पाण्यांत पडतो, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. ती पाहिली जात होती. पण थांबविली जात नव्हती. तपासणीच्या इतिहासांत पाहणें आणि थांबविणें या दोहोंमधलें अंतर नेहमींच मोठें असतें.

१९७२ च्या कायद्यांत एक कलम असें आहे कीं, सरकार स्वस्थ बसलें तर सामान्य नागरिकानेंहि साठ दिवसांची लेखी सूचना देऊन स्वतः फिर्याद करावी. १८९९ च्या जगांत ही कल्पना कोणास सुचली नसती. याच कलमाखालीं २००९ च्या अखेरीस अलास्का कम्युनिटी अ‍ॅक्शन ऑन टॉक्सिक्स ही संस्था आणि सिएरा क्लबची अलास्का शाखा यांनीं रेल्वे व चालक कंपनी यांवर दावा लावला. मुद्दे तीन होते: पट्ट्यावरून पडणारा कोळसा, आवारांतील बर्फाबरोबर व पाण्याबरोबर जाणारा कोळसा, आणि वाऱ्यानें पाण्यांत पडणारी धूळ.

जिल्हा न्यायालयाचा निकाल १९१३ च्या नव्हे, २०१३ च्या सालचा आहे, हें मुद्दाम सांगावेसें वाटतें. कारण वाद ऐकतांना तो शंभर वर्षांपूर्वींचाच भासतो. धुळीसंबंधीं न्यायालय म्हणालें कीं, उघड्या ढिगावरून वाऱ्यानें उडालेली धूळ निश्चित ठिकाणाहून सोडलेली नव्हे; पाण्याच्या कायद्यास वारा बांधतां येत नाहीं. पट्ट्यासंबंधींहि प्रतिवादींचा बचाव मान्य झाला. बचाव असा कीं, परवाना ही ढाल आहे. धक्क्यावर काय चालतें तें अधिकाऱ्यांस ठाऊक होतें. त्यांनीं पाहून हरकत घेतली नाहीं. तेव्हां तें परवान्याच्या पोटांतच आलें. सामान्य माणसाच्या बुद्धीस हा बचाव अगदींच टाकाऊ वाटणार नाहीं. ज्यानें उघडपणें काम केलें आणि ज्याला कोणीं थांबविलें नाहीं, त्यास पंचवीस वर्षांनंतर गुन्हेगार ठरवावें काय?

वादी अपिलांत गेले, तें एवढ्या पट्ट्याच्या मुद्द्यावर. सॅन फ्रॅन्सिस्को येथें मुख्य ठाणें असलेल्या नवव्या मंडलाच्या अपील-न्यायालयानें ३ सप्टेंबर २०१४ रोजीं खालचा निकाल फिरविला, आणि त्यासाठीं त्यानें फार खोल पाण्यांत जाण्याचें टाळलें. त्यानें परवाना उघडून वाचला. परवाना पावसाच्या पाण्याचा. पावसाखेरीज दुसरें कोणतें पाणी सोडलेलें चालेल याची यादी त्यांत दिलेली आहे; आग विझविण्याचें पाणी आहे, बागेचें पाणी आहे, असे अकरा प्रकार आहेत. त्या यादींत कोळसा नाहीं. पट्ट्यावरून कोरडा कोळसा पडतो तेव्हां तो पावसाचें पाणी नव्हे, हें सांगावयास कायदेपंडित नको. अधिकाऱ्यांस काय ठाऊक होतें आणि त्यांच्या मनांत काय होतें, हा प्रश्नच मग उरत नाहीं. कारण परवान्याच्या स्पष्ट शब्दांनींच ती गोष्ट वर्ज्य केली आहे. २०१५ च्या जूनमध्यें सर्वश्रेष्ठ न्यायालयानें या प्रकरणांत हात घालण्यास नकार दिला.

या निकालाचा अर्थ वकिलांनीं पुष्कळ अंगांनीं लावला आहे. निरीक्षकाच्या दृष्टीनें मात्र तो सरळ आहे. निरीक्षकाचें मौन म्हणजे परवानगी नव्हे. तो धक्क्यावर येऊन, चहा घेऊन, वहींत सही करून गेला, एवढ्यावरून कागदांत नसलेली गोष्ट कागदांत येत नाहीं. हें धन्यास जितकें जाचक आहे तितकेंच निरीक्षकासहि आहे, कारण त्याच्या डोळेझांकीची किंमत आतां दुसऱ्यास मोजावी लागते आणि तो दुसरा त्याला त्याबद्दल विचारणारच.

न्यायालयांत असा वाद चालला असतां बाजारांत दुसराच निकाल लागत होता. २०११ च्या सुमारास स्यूअर्डहून वर्षाला सुमारें दहा लक्ष टन कोळसा परदेशीं जात असे. कोरिया, चिली, जपान हीं त्याचीं गिऱ्हाइकें. पुढें जगाच्या बाजारांत कोळशाचा भाव उतरत गेला. हलक्या प्रतीचा माल, त्यावर साडेतीनशे मैलांचें रेल्वेभाडें आणि मग समुद्र. भाव पडला कीं असला धंदा सर्वांआधीं बुडतो. जहाजें कमी कमी होत गेलीं, आणि २०१६ सालीं धक्क्याचें काम बंद झालें. दाव्यानें धक्का बंद पडला असें कोणी म्हणतात, बाजारानें पडला असें दुसरे म्हणतात. तारखा व भाव पाहतां दुसऱ्यांचें म्हणणें अधिक खरें दिसतें. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना या वादांत फारसा रस असण्याचें कारण नाहीं. होडीवाल्यांच्या होड्या मात्र स्वच्छ राहूं लागल्या.

हीलीची खाण बंद पडली नाहीं. तिचा कोळसा खाणीशेजारच्या आणि फेअरबँक्सकडील वीजगृहांना जातो, आणि त्याच्या गाड्या आतां स्यूअर्डच्या उलट दिशेनें, उत्तरेकडे धांवतात.